नियमामागचा उपद्व्यापी

बी.एड.च्या ग्रंथालयात काचेचं एक कपाट असतंच. वर 'फक्त संदर्भासाठी' अशी पाटी आणि किल्ली ग्रंथपालांच्या खणात. पुस्तक हवं तर ओळखपत्र ठेवायचं, रजिस्टरात सही करायची आणि 'कशासाठी हवंय?' या प्रश्नाला पटेल असं उत्तर द्यायचं. 'सहज चाळायला' हे उत्तर चालत नाही. संदर्भग्रंथ सहज चाळणारा माणूस एक तर वेळ काढतोय किंवा पान फाडायला आलाय, अशी ग्रंथपालांची पक्की समजूत असते. मी यातली कुठलीच नव्हते. मला कोश, संहिता, नियमावल्या, परिपत्रकांची संकलनं असलं काहीही वाचायला आवडतं, आणि तेही मधूनच कुठून तरी.

आमच्या कपाटात शिक्षणाचा दहा खंडांचा आंतरराष्ट्रीय विश्वकोश होता. १९८५ साली निघालेला, संपादक टॉर्स्टन हुसेन आणि नेव्हिल पोस्टलथ्वेट. हुसेन हे स्वीडनचे, पण आमच्यातले निम्मे त्यांना बरीच वर्षं अलिगढचे समजत होते. खंड उघडला की कडकड आवाज व्हायचा, कारण आधी कुणी उघडलेलाच नसायचा. आत मूल्यमापनापासून शाळांच्या अर्थकारणापर्यंत सगळं काही, एकेका नोंदीखाली दाट ग्रंथसूची. वाचताना विद्वत्तेपुढे मान झुकायची. पण मला राहून राहून वाटायचं, या हजारो पानांत नाक ओढणारं, पेन्सिल चघळणारं, 'बाई, हा माझं खोडरबर देत नाही' म्हणणारं एकही मूल नाही. 'अध्ययनार्थी' मात्र पानोपानी.

असे कोश करण्याची हौस जुनी आहे. अमेरिकेत पॉल मन्रो यांनी १९११ ते १९१३ या काळात शिक्षणाचा पाच खंडांचा ज्ञानकोश काढला, त्यात जॉन ड्युई यांच्यासारख्या शिक्षणतज्ज्ञ तत्त्वज्ञानं नोंदी लिहिल्या. त्याही आधी फ्रान्समध्ये फर्दिनां ब्युसाँ यांनी प्राथमिक शाळांतल्या गुरुजींना उपयोगी पडावा म्हणून अध्यापनाचा भला मोठा कोश संपादित केला. हेच ब्युसाँ पुढे १९२७ च्या शांततेच्या नोबेलचे एक मानकरी झाले. शिक्षणाचा कोश करणाऱ्याला शांततेचं नोबेल मिळावं हे मला फार रास्त वाटतं. चाळीस पोरांच्या वर्गात ज्यानं तास घेतलाय त्याला कारण सांगावं लागणार नाही.

ब्युसाँ यांच्या कोशाची सुधारित आवृत्ती १९११ साली निघाली. तिच्यात 'शिक्षण' ही नोंद समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांनी लिहिली. प्रौढ पिढीनं सामाजिक जीवनासाठी अजून तयार न झालेल्या पिढीवर केलेला संस्कार म्हणजे शिक्षण, ही त्यांची व्याख्या आपल्याकडच्या बी.एड.च्या नोट्समध्ये आहे. ती पाठ होती, परीक्षेत आली, लिहिली, मार्क मिळाले. पण ती मुळात विद्यापीठातल्या पंडितांसाठी नसून फळ्यापुढे उभ्या राहणाऱ्या मास्तरांच्या हाताशी असावा म्हणून केलेल्या कोशातली आहे, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी ती जास्त प्रेमानं पाठ केली असती.

आपल्याकडचा अनुभव थोडा निराळा. म. बा. बुच यांनी बडोद्याहून १९७४ साली देशातल्या शैक्षणिक संशोधनाचा पहिला आढावा काढला. पीएच.डी. करणारे लोक तो मोठ्या भक्तिभावानं उघडत, पण ते 'आपला विषय आधीच कुणी उरकून तर टाकला नाही ना' एवढं बघायला. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली झाला आणि विसावा त्यांच्या पश्चात, २०१५ मध्ये. अकारविल्हे कोशात 'श' पार शेवटाकडे, त्यामुळे 'अ'पासून निघालेल्या वाचकाला 'शिक्षण' भेटायला काही दशकं गेली. याबद्दल कोशाला बोल लावण्यात अर्थ नाही, वर्णमालेतच शिक्षणाचा नंबर मागं आहे.

आणि कोठारी आयोग, म्हणजे देशाच्या शिक्षणाचा विचार करायला नेमलेला, १९६४ ते ६६ या काळातला. सदस्य-सचिव जे. पी. नाईक, आपल्या कोल्हापूरकडचे. अहवालाचं पहिलं वाक्य ठाऊक नसलेला शिक्षक सापडणार नाही: भारताचं भवितव्य त्याच्या वर्गखोल्यांत घडत आहे. संमेलनाच्या कमानीवर, वार्षिकांकाच्या पहिल्या पानावर, निरोपसमारंभात, सगळीकडे हे वाक्य. लगेच पुढचं वाक्य मात्र कुणी वाचत नाही. त्यात आयोग म्हणतो की, आमच्या मते हे नुसतं शब्दांचं अवडंबर नाही. आपल्या वाक्याचं पुढं काय होणार हे लिहिणाऱ्यांना आधीच कळलेलं असावं.

हे सगळे झाले काचेआडचे ग्रंथ. शाळेत नोकरी लागल्यावर कळलं की महाराष्ट्रातल्या हायस्कुलांत शिक्षणावरचा खरा संदर्भग्रंथ वेगळाच आहे. किंबहुना दोन आहेत. एक माध्यमिक शाळा संहिता, म्हणजे एस.एस. कोड. दुसरी खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींची १९८१ ची नियमावली, जिला सगळे 'एमईपीएस' म्हणतात. पुण्यात अप्पा बळवंत चौकात मिळणारी, पिवळट कागदाची, टाचण निघालेली. हेडबाईंच्या टेबलाच्या उजव्या खणात एक प्रत आणि भाऊसाहेबांकडे एक. (शाळेतल्या क्लार्कला भाऊसाहेब म्हणायची आमच्याकडे पद्धत. वय काही असो.) त्यांच्या प्रतीत चिठ्ठ्या, समासात निळ्या पेनानं 'मा. खंडपीठ' वगैरे टिपणं, आणि पानांच्या कडेचा मळका पट्टा बघून कुठला नियम किती वेळा लागला हे न उघडता सांगता यावं.

ही पुस्तकं मी कादंबरीसारखी वाचली. कारण माझं एक मत आहे: नियम हवेतून पडत नाही. प्रत्येक नियमामागं कुणी तरी एक उपद्व्यापी माणूस असतो, त्यानं काही तरी करून ठेवलेलं असतं. त्याचं नाव कुठं येत नाही, पण ओळींच्या मधून तो दिसतो.

एमईपीएसमधलं सेवाज्येष्ठतेचं शेड्यूल एफ घ्या. शिक्षकांच्या खोलीत सहामाहीच्या पेपरांपेक्षा जास्त वाचलं गेलेलं वाङ्मय. त्यात म्हटलंय, एकाच प्रवर्गातल्या दोन शिक्षकांची सलग नेमणूक एकाच तारखेची असेल तर वयानं मोठा तो ज्येष्ठ. वाचताना साधं वाटतं. पण हे लिहावं लागलं, म्हणजे कुठल्या तरी गावात दोन सर एकाच दिवशी हजर झाले असणार, 'मी सकाळी सह्या केल्या, तुम्ही दुपारी आलात' यावरून वीस वर्षं एकमेकांशी बोलले नसणार, आणि मुख्याध्यापकपद रिकामं झाल्यावर गाव दोन गटांत उभं राहिलेलं असणार.

चौकशी समितीचा नियम तर माझा लाडका. शिक्षकाची चौकशी करायची तर तिघांची समिती. एक संस्थेचा, एक त्या शिक्षकानं नेमलेला, आणि तिसरा राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेल्या शिक्षकांच्या यादीतून निवडलेला. म्हणजे आयुष्यभर चांगलं शिकवा, शाल-श्रीफळ घ्या, पेपरात फोटो येऊ द्या, आणि त्याचं फळ म्हणून दुसऱ्याच्या शाळेतल्या भांडणात मधोमध खुर्ची टाकून बसा. नियम करणाऱ्यानं विचार सरळ केलेला दिसतो: दोन बाजूंची दोन माणसं आपापल्या बाजूनंच बोलणार, तेव्हा तिसरं तरी भलं माणूस असू दे. भलं माणूस शोधायचं कुठं? पुरस्काराच्या यादीत. मला यातला भाबडेपणा फार आवडतो.

२००९ चा शिक्षणहक्काचा कायदाही तसाच वाचनीय. कलम २७ सांगतं, शिक्षकांना अशैक्षणिक कामाला लावू नये. पुढं अपवाद: दशवार्षिक जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणुका. निवडणुका म्हणजे स्थानिक, विधानसभेच्या, लोकसभेच्या, सगळ्या. अपवादाच्या त्या दरवाजातून माझे सहकारी मतदारयाद्यांची भेंडोळी काखेत मारून उन्हात फिरलेले मी पाहिलेत. लगेच कलम २८: शिक्षकानं खासगी शिकवणी घेऊ नये. हा उपद्व्यापी कोण, हे शोधायला संशोधन नको.

हल्ली शासन निर्णय फोनवर येतो. मंत्रालयातून निघायचा अवकाश, शिक्षकांच्या ग्रुपवर पीडीएफ हजर, खाली अंगठे. सोय झाली हे खरंच. पूर्वी एका जी.आर.साठी जिल्ह्याला खेपा व्हायच्या. पण फोनवर जे शोधाल तेच सापडतं. शेजारच्या पानावरचा, आपल्याशी काही संबंध नसलेला नियम डोळ्याखालून जात नाही, आणि माझं सगळं वाचन शेजारच्या पानावरचं.

या साऱ्या ग्रंथांचाही एक संदर्भग्रंथ शाळेच्या लोखंडी कपाटात असतो, तो म्हणजे जनरल रजिस्टर. लांब, जाड, कापडी पाठीचं. नोंदणी क्रमांक, नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी व अक्षरी, आधीची शाळा, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याचं कारण, शेरा. शाळा सोडल्याचा दाखला इथूनच निघतो, आणि त्या दाखल्यावर माणसाचं पुढचं सगळं सरकारी आयुष्य उभं राहतं. २०२३ साली कुणबी नोंदी शोधायला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, तेव्हा गावोगावच्या शाळांतली जुनी रजिस्टरं धूळ झटकून बाहेर आली आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला.

वर्तणुकीच्या रकान्यात सगळेच 'चांगली'. गेल्या कैक वर्षांत कुणी वाईट वागलेलंच नाही. जन्मतारखेचा रकाना मात्र वाचण्यासारखा. जुन्या पानांवर १ जून, १ जून, खाली परत १ जून. घरी जन्मलेली पोरं, तारखेचा कागद नाही, आणि शाळा जूनला उघडायची. बाप सांगणार, 'आगोटीच्या आधी झालाय' किंवा 'पानशेत फुटलं त्या साली'. गुरुजी बोटांवर मोजून सहा वर्षं पुरी बसवायचे आणि १ जून लिहून मोकळे व्हायचे. आता वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश कायद्यानंच अडवता येत नाही. तेव्हा गुरुजींनी तोच प्रश्न आपल्या परीनं एका फटक्यात सोडवला होता.

पण पुढं त्या पोराला सरकारी हिशेबात त्याच तारखेनं म्हातारं व्हावं लागतं. दुरुस्ती करू म्हटलं तर संहितेतला २६.४ आडवा येतो. विद्यार्थी शाळेत आहे तोवर, कागदपत्रं जोडून, रीतसर अर्ज करून काय ती दुरुस्ती. एकदा शाळा सोडली की सर्वसाधारणपणे दार बंद, उघड दिसणारी लेखनचूक असेल तर गोष्ट वेगळी. आमच्या भाऊसाहेबांचा हा नियम मुखोद्गत. खिडकीशी कुणी आजोबा 'आधारवर येगळं नाव हाय' म्हणून आले की ते पुस्तक काढायचेसुद्धा नाहीत. आजोबांना पाणी द्यायचे, खुर्ची द्यायचे आणि नियम सांगायचे. ते अडवणूक करतात अशी तक्रार वर गेली होती. मी पाहिलंय, त्यांच्याइतकं नीट कुणी समजावून सांगत नसे.

आमचे भूगोलाचे सर १९६७ चे. दिवाळी झाल्यावर आणि कोयनेचा भूकंप व्हायच्या आधी जन्मले. भूकंप ११ डिसेंबरचा, त्यामुळे त्यांच्या आईचा हिशेब चुकण्याची सोय नाही. रजिस्टरात अर्थात १ जून. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, म्हणजे सर ३१ मे २०२५ ला. सहा महिन्यांचा पगार गेला, पण त्यांनी कधी कुरकुर केली नाही. 'निदान शेवटच्या दिवशी शाळेला सुट्टी असते' म्हणायचे.

सुट्टी असते म्हणून निरोपसमारंभ एप्रिलमध्येच उरकला. संस्थेचे अध्यक्ष उभे राहिले. वर्गखोल्यांतलं भवितव्य आधी झालं. मग म्हणाले, 'सर येत्या ३१ मे रोजी वयाची अठ्ठावन्न वर्षं पूर्ण करून...'

पहिल्या रांगेत सरांच्या आई बसल्या होत्या, डोक्यावर पदर, हातात पेढ्याचा पुडा. 'अजून कुठं झाली?' त्या मोठ्यानं म्हणाल्या. 'कार्तिकात व्हतील.'

मांडव हसला. अध्यक्ष गोंधळून माझ्याकडे बघायला लागले. माझ्या शेजारून भाऊसाहेब हळूच वाकले आणि म्हणाले, 'सव्वीस-चार, बाई.'