कुत्र्यांच्या जातींची यादी मागे कशी गेली: माझा अनुभव

सभेच्या नोटिशीत शेवटचा विषय होता: पिटबुल, रॉटवायलर, डोबरमन आणि त्यांच्यासारखे दिसणारे कुत्रे संकुलात ठेवायला बंदी. निमित्त खरं होतं. लिफ्टचं दार उघडताच एका कुत्र्याने आत शिरणाऱ्या माणसाच्या मांडीचा चावा घेतला होता, जखमही खोल होती. तो कुत्रा लॅब्राडोर होता आणि यादीत लॅब्राडोरचं नाव नव्हतं!

माझा गोट्या मात्र यादीत अडकत होता. निवाऱ्यातून आणलेला, रुंद डोक्याचा, आखूड केसांचा. सेक्रेटरी म्हणाले, “पिटबुल नाही असं डॉक्टरांकडून लिहून आणा, विषय संपला.” डॉक्टरांनी साफ नकार दिला. “लस टोचली ते लिहून देतो, वजन लिहून देतो. ज्याचे आईबाप पाहिले नाहीत त्याची जात कशी लिहून देऊ?” मग त्यांनीच 2015 साली प्रसिद्ध झालेल्या फ्लोरिडातल्या एका अभ्यासाबद्दल सांगितलं. निवाऱ्यांतल्या 120 कुत्र्यांची जात तिथल्या अनुभवी लोकांना नुसती बघून ओळखायला लावली आणि डीएनएशी ताडून पाहिली. ज्यांच्यात पिटबुलचा अंशही नव्हता, अशा तीनातल्या एका कुत्र्याला कुणी ना कुणी पिटबुल ठरवलं होतं. रोज कुत्र्यांत वावरणाऱ्यांची ही गत, तर गेटवरच्या वॉचमनने काय ओळखायचं?

तेव्हा सुटकेचा दाखला शोधणं मी सोडलं आणि ठरावच बदलायच्या मागे लागलो. कमिटीने पर्यायी मसुदा आणायला सांगितलं.

आधी वाचन केलं. ब्रिटनने 1991 च्या कायद्याने पिटबुल टेरिअर, जपानी टोसा, डोगो अर्जेंटिनो आणि फिला ब्राझिलेरो या चार प्रकारांवर बंदी घातली. तिथे कुत्रा ‘त्या प्रकारचा’ आहे की नाही हे बांध्यावरून ठरतं आणि नाही हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर असते. एवढं करूनही इंग्लंड-वेल्समध्ये 2023 च्या अखेरीस एक्सएल बुली हा पाचवा प्रकार यादीत घालावा लागला. नेदरलँड्सने 1993 मध्ये आणलेली पिटबुलबंदी 2008 मध्ये उठवली, कारण चावे कमी झाले नव्हते. भारतात केंद्राने मार्च 2024 मध्ये 23 जातींविरुद्ध परिपत्रक काढलं, ते कर्नाटक उच्च न्यायालयाने पुढच्याच महिन्यात रद्द केलं; ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांचं म्हणणंच ऐकलं नव्हतं. उलट वाट कॅनडातल्या कॅल्गरीने धरली. तिथे जातीवर बंदी नाही, पण प्रत्येक कुत्र्याला परवाना लागतो, निर्बीजीकरण केलं असेल तर शुल्क कमी आणि नियम मोडला तर दंड सणसणीत.

हे सगळं चेअरमनसाहेबांपुढे मांडलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला, “पण मोठा कुत्रा चावला तर इजा जास्त होते की नाही?” होते. हे नाकारण्यात अर्थ नव्हता. त्यातून मसुद्यातलं पहिलं कलम निघालं: कुत्रा ज्याला ताकदीने आवरता येतो, त्यानेच त्याला बाहेर न्यायचं. लॅब्राडोरच्या प्रकरणात पट्टा शाळकरी मुलाच्या हातात होता आणि पट्टाही लांबत जाणारा, चाकाचा. हे कुठल्याच यादीत मावत नाही.

“आमचा काही करत नाही हो” हे वाक्य सभेत उच्चारायचं नाही, असं मी बाकीच्या कुत्रेवाल्यांना बजावून ठेवलं होतं. घाबरलेल्या माणसाला याहून जास्त संताप आणणारं दुसरं काही नसेल. त्यापेक्षा वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे मसुदा घेऊन गेलो. त्यांना कुत्र्याची भयंकर भीती, आणि बंदीसाठी सगळ्यात आधी सही त्यांचीच. त्यांनी चष्मा लावून कागद वाचला आणि पेन्सिलीने खुणा करत गेल्या. लिफ्टमध्ये आधीपासून कुणी असेल तर कुत्रेवाल्याने विचारल्याशिवाय आत यायचं नाही. आत कुत्रा भिंतीकडे, माणूस मध्ये. दार उघडण्याआधी पट्टा आखूड धरायचा. “आणि लांबून हाक मारायची, वळणावर एकदम समोर येऊ नका,” हे त्यांनी समासात लिहिलं. मसुद्यातली सगळ्यात कामाची कलमं त्यांची आहेत.

खरी अडचण पुढची. तक्रार आली की करायचं काय? भुंकणं, अंगावर धावणं आणि लचका तोडणं एकाच मापाने कसं मोजणार? इथे पशुवैद्य आणि श्वानप्रशिक्षक इयान डनबर यांची सहा पायऱ्यांची मोजपट्टी उपयोगी पडली. पहिल्या पायरीवर दात लागतच नाहीत, दुसरीवर लागतात पण रुतत नाहीत, तिसरीपासून दात रुतल्याची जखम आणि सहावीवर मृत्यू. पहिल्या दोन पायऱ्यांना लेखी समज आणि प्रशिक्षण. तिसरीपासून घराबाहेर मझल, म्हणजे तोंडावरचं मुसकं, सक्तीचं आणि तज्ज्ञाकडून तपासणी. स्कॉटलंडच्या 2010 च्या कायद्यातही अशीच सोय आहे: जात न बघता, कुत्रा ताब्यात ठेवत नसलेल्या मालकाला नोटीस देऊन मझल, पट्टा, प्रशिक्षण अशा अटी घालता येतात.

मझल म्हटलं की कुत्रेवाल्यांचंच तोंड वाकडं होतं. म्हणून मी गोट्यालाच सवय लावायला घेतली. तोंड घट्ट बांधणारी कापडी पट्टी नाही, जाळीची टोपली. तिच्यात कुत्र्याला जीभ काढून धापा टाकता येतात, पाणी पिता येतं. सुरुवातीला टोपली नुसती हातात धरायची, तळाशी खाऊ. तो आपणहून नाक घालतो, खातो, बाहेर येतो. बंद लावायची घाई अजिबात नाही. पुढे पुढे टोपली दिसली की तो स्वतःच तोंड खुपसायला लागला. सभेला त्याला तसाच घेऊन गेलो, काकूंना विचारूनच.

सभेत आणखी एका गोष्टीवर बराच वेळ गेला: कुत्रा गुरगुरला की मालकाने त्याला दटावायचं का? मी ‘नाही’ म्हटल्यावर गोंधळ झाला. गुरगुरणं ही धोक्याची सूचना असते. ती मारून-ओरडून बंद केली की कुत्रा न सांगता चावायला शिकतो. अंग ताठ होणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, ओठ चाटणं, ही त्याआधीची चिन्हं. ती दिसली की कुत्र्याला तिथून लांब न्यायचं, एवढंच. शेवटी हे नियमांत न घालता नोंदणीच्या अर्जामागे छापायचं ठरलं.

यादी मागे घेतली गेली. नोंदणी, रेबीजच्या लसीचा दाखला, पट्टा, लिफ्टचे नियम आणि तक्रारीच्या पायऱ्या, सगळं मंजूर झालं. काकूंनी बाजूने हात वर केला, पण गोट्यापासून दोन रांगा लांब बसून. दंडाचं कलम मात्र पुढच्या सभेवर ढकललंय. विरोध करणाऱ्यांत जास्त भरणा कुत्रेवाल्यांचाच आहे.