पीए का झालात? खरं सांगा

शनिवार, रात्री उशिरा

आज वॉर्डात फिजिशियन असिस्टंटच्या (पीए, म्हणजे डॉक्टरच्या हाताखाली पेशंटचं काम बघणारे, मीपण तीच) नवीन इंटर्न आल्या, दोन पोरी आणि एक पोरगा. दुपारी ओपीडी जरा ओसरली तसं कॅन्टीनला चहा घेताना मी सरळच विचारलं, बाबांनो ही लाईन का घेतली, अ‍ॅडमिशनच्या इंटरव्ह्यूला सांगितलं ते नको, खरं काय ते सांगा.

पहिली म्हणाली नीटची परीक्षा दोनदा दिली मॅडम, गव्हर्नमेंटला लागलं नाही आणि प्रायव्हेट एमबीबीएसची फी ऐकून पप्पा (यंत्रमाग कारखान्यात कामाला) दोन दिवस बोललेच नाहीत. आता बघा, एमबीबीएस साडेपाच वर्षं, वर एमडी तीन, आणि पीएचा कोर्स बहुतेक ठिकाणी तीन वर्षं अधिक एक वर्ष इंटर्नशिप, घरात मागे धाकटी भावंडं असली की हा हिशोब कुणीपण करतं. मला तरी यात लाजण्यासारखं काही वाटत नाही. उलट पहिल्याच दिवशी "मला सेवा करायची आहे" म्हणणाऱ्यांचीच मला भीती वाटते, ते नाईट ड्युट्या सुरू झाल्या की पहिले पळतात.

पोरगा म्हणाला अमेरिकेत पीएला लई पगार असतो. असतो की, पण तिथली परीक्षा द्यायला तिथल्याच मान्यताप्राप्त कॉलेजातनं पीएची डिग्री लागते, आपली डिग्री घेऊन थेट बसता येत नाही. हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, बिचाऱ्याचा चहा गार झाला. मग मीच त्याला तिकडची गोष्ट सांगितली, की 1965 ला ड्यूक युनिव्हर्सिटीत डॉ. यूजीन स्टेड यांनी हा कोर्स काढला तेव्हा पहिल्या बॅचला चारच जण होते, सगळे नेव्हीत मेडिकलचं काम केलेले, हाताला सगळं येत होतं पण बाहेर आल्यावर त्यांच्या लायकीची पोस्टच कुठे नव्हती. आपल्याकडे 1992 ला चेन्नईत डॉ. के. एम. चेरियन यांच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये सुरू झाला, म्हणजे हार्ट सर्जरीतनंच, आणि अजूनपण आपली बरीच मंडळी हार्टच्या ओटीतच (ऑपरेशन थिएटरात) दिसतात, बायपासला पायाची शीर काढून देणं वगैरे.

दुसरी मोहोळची. तिच्या आजीचं बायपास झालं होतं तेव्हा सर्जन दिवसातनं एकदा दिसायचे आणि बाकी सगळं एक पीए ताई समजावून सांगायची, ते बघून आली म्हणे. हे कारण मला पटलं, कारण माणूस टिकतो तो याच्यावर. लाईनीत आणतो पैशाचा हिशोब, ती गोष्ट वेगळी.

सकाळचंच बघा ना. अशोक चौकाकडच्या एक विडी वळणाऱ्या मावशी, हार्टची झडप बदललेली, मेटलची, आयएनआर (रक्त किती पातळ आहे तो आकडा) आला 1.6, हवा होता तीनच्या आसपास, म्हणजे रक्त पुरेसं पातळ नव्हतं. आमच्या सर्जन सरांना ओटीत केस होती, रिपोर्ट बघून म्हणाले डोस वाढवायला लागेल बहुतेक, तू हिस्टरी घे. मी मावशींजवळ बसले, अर्धं मराठी अर्धं माझं मोडकं तेलुगू, आणि दहा मिनिटांनी कळलं की त्या रक्त पातळ करायची गोळी एक दिवसाआड घेत होत्या, कारण शेजारणीनं सांगितलं होतं की रक्त पातळ झालं की अंगातली ताकद जाते. सरांना फोन केला, ते म्हणाले डोसला हात लावू नको, आहे तीच गोळी रोज घ्यायला लाव आणि पुढच्या आठवड्यात परत आयएनआर कर. डोस वाढवून घरी पाठवलं असतं आणि कुणाच्या तरी सांगण्यावरनं त्यांनी तो नेमाने घेतला असता, तर ब्लीडिंग होऊनच परत आल्या असत्या. सुनेला बोलवून कॅलेंडरवर खुणा करायला शिकवलं. पालेभाजीनं या गोळीचा असर कमीजास्त होतो, म्हणून ती एकदम बंद करू नका, रोज साधारण तेवढीच खा, हेपण सांगितलं.

आणि प्रिस्क्रिप्शनवर सही अर्थात सरांची.

मोहोळच्या पोरीनं नेमकं तेच विचारलं, मॅडम तुम्हाला खटकत नाही का? खटकतं की. कालपरवा पास झालेला एमबीबीएस पोरगा येतो, त्याला आपणच ड्रेन (ऑपरेशननंतर आतलं रक्त-पाणी बाहेर काढणारी नळी) कसा बघायचा ते दाखवायचं आणि आठवड्याभरात नातेवाईक त्याला डॉक्टरसाहेब म्हणतात, आम्हाला सिस्टर. 2021 च्या अलाईड हेल्थच्या (डॉक्टर-नर्स सोडून बाकीच्या आरोग्य व्यवसायांच्या) कायद्यात आपलं नाव आलंय, पण आधीच्या एका हॉस्पिटलात पगाराच्या शीटवर मी शेवटपर्यंत टेक्निशियनच होते आणि पगारपण त्याच हिशोबानं. हे सगळं सांगितलं त्यांना, लपवून काय करायचंय, उद्या कळणारच आहे.

ती आणखी काहीतरी विचारणार होती पण आयसीयूतनं फोन आला, एका पेशंटचा ड्रेन काढायचा होता, तिघांनापण घेऊन गेले. पोराला स्वतःच्या ग्लोव्हजचा साईझ माहीत नव्हता, सात दिला तर फाडला, आता उद्यापासून साडेसात.