गाण्याच्या वर्गातला खाडा

दर तिमाहीच्या सुरुवातीला कोणीतरी पालक माझ्यासमोर बसतात, पाणी घेतात आणि अत्यंत सौजन्याने म्हणतात, “काका, मागच्या महिन्यात ती चारच दिवस आली. तेवढा खाडा धरून फी सांगा ना.” नाशिकला गंगापूर रोडवरील आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माझी पत्नी मुलांना शास्त्रीय गायन शिकवते आणि बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्या वर्गाची नोंदणी, फी व हजेरीपट माझ्याकडे आहे. त्यामुळे मुले तिला ताई म्हणतात, मला काका म्हणतात, आणि खाड्याची विनंती नेहमी काकांकडेच येते.

खाडा हा शब्द दुधाचा आणि खानावळीचा आहे. गवळ्याला आदल्या दिवशी सांगितले, तर आपले अर्धा लिटर दूध दुसऱ्याच्या पातेल्यात जाते. खानावळीत निरोप दिला, तर दोन पोळ्या कमी लाटल्या जातात. मंगळवारी सव्वापाच वाजता आठ मुलांच्या तुकडीतील एक मूल आले नाही, तर ती सतरंजीवरची जागा त्या तासापुरती कोणालाही विकता येत नाही आणि शिकवणाऱ्याचे श्रमही एक अष्टमांशाने कमी होत नाहीत. उलट ते वाढतात, कारण जे आज चुकले ते शुक्रवारी पुन्हा सांगावे लागते आणि ज्यांनी ते आज शिकून घेतले, ती सात मुले तोवर जांभया देतात. पहिल्या वर्षी आम्ही खरोखरच जितके दिवस तितकी फी असा हिशेब ठेवला होता. जुलैतल्या पावसात आठपैकी तीन मुले येऊ लागली, आणि न येण्याने पैसे वाचतात म्हटल्यावर ती का यावीत, हे मलाही सांगता येईना. तेव्हापासून फी तीन महिन्यांच्या जागेची असते. वर्ग सोडायचा असेल तर एक महिना आधी कळवावे, एवढीच त्यात सवलत आहे.

प्रवेश जून आणि जानेवारी असा वर्षातून दोनदाच देतो. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा साधारणपणे एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर अशा दोन सत्रांत होतात. त्या आटोपल्या की तुकड्या नव्याने लागतात आणि नवे मूल इतरांसोबत अलंकारांपासून, म्हणजे स्वरांच्या सरावाच्या पलट्यांपासून, सुरुवात करू शकते. सप्टेंबरमध्ये आलेल्या मुलाला बसवायचे, तर बंदिश बाजूला ठेवून सगळ्यांना ‘सारेग रेगम’वर परत न्यावे लागते, म्हणून अशी नावे प्रतीक्षायादीत जातात. मुलाला सहा वर्षे पूर्ण झालेली असावीत आणि त्याने प्रवेशापूर्वी दोन दिवस विनामूल्य वर्गात नुसते बसून पाहावे, असा नियम आहे. या दोन दिवसांचा उपयोग मुलापेक्षा पालकांनाच अधिक होतो, कारण तिसऱ्याच मिनिटाला आपले मूल गाणे म्हणून दाखवेल या समजुतीने आलेल्यांना ते तासभर नुसता ‘सा’ लावताना दिसते.

आठवीत अचानक नाव नोंदवायला येणाऱ्यांचा एक वेगळा वर्ग आहे. शास्त्रीय कलांच्या परीक्षा उत्तीर्ण झाल्यास दहावीला वाढीव गुण मिळतात, हे त्यांना कोणीतरी सांगितलेले असते. गुण मिळू नयेत असे माझे म्हणणे नाही, परंतु वर्गात एक वर्ष पूर्ण झाल्याशिवाय परीक्षेचा अर्ज भरला जाणार नाही हे वाक्य मी नियमावलीत ठळक अक्षरात छापले आहे आणि ते वाचून निम्मे लोक परत जातात.

गाण्याला हजेरीपट कसला लावता, पूर्वी गुरूच्या घरी असे काही होते का, असे एका आजोबांनी मला सुनावले होते. नव्हते, हे खरेच आहे. मात्र गाणे गुरूच्या घरातून शाळेत आणणारे पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, तेव्हा वर्ग, अभ्यासक्रम आणि परीक्षा हे सगळे त्याबरोबरच आले. त्यांच्या उत्तरायुष्याशी निगडित असलेला रामनाम आधार आश्रम तर आमच्याच गावात, पंचवटीत होता. आठ मुले एका वेळी, एकाच अभ्यासक्रमाने शिकायची असतील, तर कोण आले आणि कोण नाही हे कुठेतरी लिहावेच लागते, असे मी त्या आजोबांना सांगितले. ते त्यांना पटले की नाही, हे कळले नाही.

मला स्वतःला मात्र हजेरीपटाने एक गोष्ट उशिरा शिकवली. बँकेतल्या सवयीने मी ७५ टक्के उपस्थितीचा नियम केला होता आणि त्याखालील मुलांना परीक्षेला बसू देत नव्हतो. एका तिमाहीत, म्हणजे तेरा आठवड्यांच्या २६ दिवसांत, मखमलाबादकडच्या द्राक्षबागायतदाराचा मुलगा तोडणीच्या दिवसांत सलग आठ दिवस आला नाही, कारण त्याला सोडायला घरी कोणी मोकळे नव्हते. त्याची उपस्थिती ६९ टक्के भरली. त्याच तुकडीतील एक मुलगी एकाआड एक शुक्रवारी स्केटिंगला जात असे. तिचे सहाच खाडे होते आणि उपस्थिती ७७ टक्के. माझ्या नियमाने ती परीक्षेस पात्र आणि तो अपात्र ठरला. पत्नीने दोघांनाही पेटीसमोर बसवून भूप राग म्हणायला लावला. मुलाने राहिलेला अंतरा दोन दिवसांत वीस-वीस मिनिटे बसून उचलला होता. मुलीला सगळे येत होते, पण भूपात वर्ज्य असलेला, म्हणजे मुळीच न लागणारा, मध्यम (‘म’ हा स्वर) ती अंतऱ्यात बिनदिक्कत लावत होती. त्या तुकडीत नवे शिकवणे शुक्रवारी आणि उजळणी मंगळवारी होते; त्यामुळे निम्म्या ओळी तिने ताईंकडून कधी ऐकल्याच नव्हत्या, शेजारी बसलेल्या मैत्रिणीकडून उचलल्या होत्या, आणि तो मध्यम मूळचा त्या मैत्रिणीचा होता.

तेव्हापासून मी टक्क्यांबरोबर खाड्यांचा वारही पाहतो. एका तिमाहीत त्याच वाराचे तीन खाडे झाले की मी घरी फोन करतो आणि दुसरी तुकडी सुचवतो. परीक्षेसाठी ६० टक्क्यांची अट ठेवली आहे. हा आकडा कोठून आणला असे विचाराल, तर जुने हजेरीपट पुढे घेऊन मीच ठरवला आहे.

चुकलेल्या दिवसाच्या बदल्यात दुसऱ्या तुकडीत बसू द्यावे, ही मागणी आम्ही एक वर्ष मान्य करून पाहिली. एका तुकडीत भूप चाललेला आणि दुसरीत दुर्गा, अशा स्थितीत बदलीवर आलेले मूल तासभर छताकडे पाहत बसे. ऑनलाइन तासही त्या जागी देत नाही. २०२० च्या टाळेबंदीत आम्ही महिनोन्‌महिने तसे शिकवले. आवाज पोहोचण्यातल्या विलंबामुळे दोन मुले एकत्र ‘सा’ लावूच शकत नाहीत, म्हणून सगळ्यांचे माइक बंद ठेवून एकेकाला गायला लावावे लागे.

घसा बसला आहे, हे मात्र न येण्याचे कारण धरले जात नाही. ताप असेल तर घरी थांबावे, परंतु नुसता आवाज बसलेल्या मुलाने यावे आणि तीनताल हातावर धरावा: सोळा मात्रा, पहिल्या, पाचव्या व तेराव्या मात्रेवर टाळी आणि नवव्या मात्रेवर ‘खाली’, म्हणजे टाळी न वाजवता नुसता हात. त्याची पूर्ण हजेरी लागते. गाणाऱ्या मुलांची लय या दिवशी अधिक नीट राहते, असे पत्नीचे मत आहे आणि त्यामुळे घसा बसलेल्या मुलाला तुकडीत जरा मानच मिळतो. उशिरा येणाऱ्याला कोणी रागावत नाही; तानपुऱ्यावर षड्ज लावणे चालू असेतोवर त्याने बाहेर बाकावर बसायचे, एवढेच.

वर्गाकडूनच तास चुकला, तर तो भरून देणे हे आमचे कर्तव्य आहे आणि तेथे खाड्याचा हिशेब पालकांच्या बाजूने लागतो. २०१५ च्या सिंहस्थात २९ ऑगस्ट, १३ सप्टेंबर आणि १८ सप्टेंबर या शाही स्नानांच्या सुमारास रस्ते बंद होते. त्या वेळचे सगळे तास आम्ही दिवाळीच्या सुटीत, सकाळी घेतले, आणि मुले फराळाच्या हाताने पेटीला हात लावतात म्हणून दाराशी ओला पंचा ठेवला. पुढच्या सिंहस्थाची कामे आता जागोजागी सुरू आहेत, म्हणून या जूनच्या प्रवेशअर्जासोबत वर्षाचे वेळापत्रक देताना २०२७ मधील ऑगस्ट-सप्टेंबरचे रकाने कोरे ठेवले आहेत आणि समासात पेन्सिलीने ‘दिवाळीत भरून देणे’ असे लिहिले आहे.