हॉलचं तापमान वाढवण्याआधी मीटर नीट लावा

डेटा सेंटर कंपनी आणि इंजिनिअरिंग कॉलेज एकत्र आले की पहिला प्रस्ताव बहुधा हाच असतो: सर्व्हर हॉलचं तापमान वाढवून वीज वाचवू. कल्पना चांगली आहे. सिंगापूरने 2023 मध्ये तापमान 26 अंश किंवा त्याहून वर नेण्यासाठी मानक काढलं. प्रत्येक अंशामागे कूलिंगची 2 ते 5 टक्के वीज वाचते, असा त्यांचा हिशेब आहे. तिथल्या दोन विद्यापीठांनी, एनयूएस आणि एनटीयू यांनी, मेटासारख्या कंपनीला सोबत घेऊन दमट हवेसाठी वेगळं चाचणी केंद्रच उभारलं. नवी मुंबईतल्या ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात असं काम व्हायलाच हवं. फक्त मोजमाप चुकलं तर अहवालातला आकडा सुधारतो आणि विजेचं बिल मात्र वाढतं.

ते कसं, बघा. पीयूई हा डेटा सेंटरची वीज-कार्यक्षमता मोजायचा आकडा: एकूण वीज भागिले सर्व्हरना मिळालेली वीज. तो जितका कमी तितका चांगला. सर्व्हरच्या आतले पंखे या भाजकात मोजले जातात. आत येणारी हवा साधारण 25-27 अंशांच्या पुढे गेली की बरेच सर्व्हर पंख्यांचा वेग वाढवतात, आणि पंख्याची वीज वेगाच्या घनाने वाढते: वेग 10 टक्के वाढला तर वीज 33 टक्के. समजा सर्व्हर 1000 किलोवॅट घेतात, बाकी सगळं मिळून 400, पीयूई 1.40. तापमान वाढवल्यावर कूलिंगचे 30 किलोवॅट वाचले आणि पंखे 40 ने वाढले. आता एकूण 1410, सर्व्हर 1040, पीयूई 1.36. कागदावर सुधारणा झाली, प्रत्यक्षात 10 किलोवॅट जास्त जळतायत. म्हणून करारातच लिहून घ्या की पीयूईसोबत एकूण युनिट आणि पंख्यांचे आरपीएम (मिनिटाला किती फेरे) द्यायचे.

इथे दुसरी अडचण येते. भाड्याने जागा देणाऱ्या सेंटरमध्ये सर्व्हर ग्राहकाचे असतात. त्यांचे आरपीएम मालकाला देता येत नाहीत, आणि ग्राहकाच्या करारात तापमानाची हमी असेल तर एक अंशही हलवता येत नाही. मग रिकाम्या हॉलमध्ये लोड बँक, म्हणजे सर्व्हरऐवजी वीज खाणारे हीटर, लावून चाचणी सुचवली जाते. लोड बँक उष्णता देते, पण ती सर्व्हरसारखी पंख्यांचा वेग बदलत नाही, म्हणजे नेमका प्रश्नच गायब होतो. माझ्या मते कॉलेजने स्वतःचे आठ-दहा जुने सर्व्हर एका रॅकमध्ये त्या रिकाम्या हॉलमध्येच ठेवावेत आणि भाडं कंपनीने सोसावं. रॅकसमोर खाली, मध्ये, वर अशा तीन उंचींवर सेन्सर हवेत. ब्लँकिंग पॅनेल, म्हणजे रॅकमधल्या रिकाम्या जागा झाकणाऱ्या पट्ट्या, नसतील तर मागची गरम हवा पुढे येते आणि वरचा सेन्सर खालच्यापेक्षा बराच जास्त दाखवतो.

हॉल थंड करणाऱ्या गार पाण्याने (चिल्ड वॉटर) वाहून नेलेली उष्णता मोजतानाही घोटाळा होतो. सेकंदाला 30 लिटर पाणी आणि जाताना-येताना 6 अंशांचा फरक म्हणजे सुमारे 750 किलोवॅट. दोन सेन्सर मिळून अर्धा अंश चुकले तर 60 किलोवॅटचा गोंधळ. म्हणून दोन्ही सेन्सर जोडीने, एकाच पाण्यात बुडवून तपासलेले घ्या. अल्ट्रासॉनिक फ्लो मीटरला आधी पाइपच्या व्यासाच्या दहापट आणि नंतर पाचपट सरळ नळी लागते. एल्बोला (पाइपच्या वळणाला) चिकटून लावलेला मीटर खोटं बोलतो. आणि वेळ तपासा. बीएमएस (इमारतीची यंत्रणा सांभाळणारी संगणक प्रणाली) भारतीय वेळेत आणि विजेचा मीटर यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत चालत असेल, तर लोड आणि उष्णतेचे आलेख बरोबर साडेपाच तास सरकतात.

कामाचं वेळापत्रक पावसाळ्याशी जोडा. कूलिंग टॉवर पाणी उडवून उष्णता बाहेर टाकतो, आणि त्याचं पाणी वेट बल्बच्या (ओल्या कापडात गुंडाळलेल्या थर्मामीटरच्या तापमानाच्या) तीन-चार अंश वरच थांबतं. मुंबईत पावसाळ्यात वेट बल्ब 26-27 च्या आसपास राहतो, जानेवारीच्या रात्री बराच खाली जातो. एमटेकचा प्रकल्प जुलैत सुरू होतो. करार विधी विभागात अडकला तर पावसाळा निघून जातो आणि हिवाळ्याचे गोंडस आकडे वर्षभराचे म्हणून छापले जातात. मार्चपर्यंत सह्या, मेअखेर सेन्सर. मार्चअखेर आणि दिवाळीच्या सुमारास कंपनीत यंत्रणेतल्या बदलांना बंदी असू शकते, त्या तारखा आधीच मागून घ्या. कंपनीला शोधलेख छापण्याआधी वाचायला 30 दिवस द्या, पण थेट नकाराचा हक्क नको. लेखात सर्व्हरचा लोड किलोवॅटऐवजी टक्केवारीत दाखवला की गुपित राखलं जातं.

पाण्याचा हिशेब बहुतेक प्रस्तावांत नसतोच. टॉवरमध्ये एक किलोवॅट-तास उष्णता घालवायला साधारण दीड लिटर पाणी उडतं. तेच पाणी क्षार चौपट होईपर्यंत फिरवलं तर ब्लोडाउन (क्षार साठल्यावर काढून टाकलेलं पाणी) धरून दोन लिटर. हजार किलोवॅटचा हॉल म्हणजे दिवसाला 48,000 लिटर, दहा हजारी पाच टँकर, कॉम्प्रेसरची उष्णता वेगळी. सांडपाण्यावर प्रक्रिया करून ते वापरता येतं, पण क्लोराइड आणि फॉस्फेट जास्त असतील तर इतक्या वेळा फिरवता येत नाही आणि ब्लोडाउन वाढतो. त्यासाठी मेकअप लाइनवर (टॉवरला नवं पाणी देणाऱ्या नळीवर) एक आणि ब्लोडाउनवर एक असे दोन मीटर लावा. इमारतीच्या मुख्य मीटरमध्ये बागेचं आणि स्वच्छतागृहांचं पाणीही मोजलं जातं. त्यावरून टॉवरचा हिशेब निघत नाही.