आमची वाटचाल : रद्दीच्या काट्यावरून वेताळाच्या कपाटापर्यंत

आमच्या आण्णांचं सोलापूरच्या मंगळवार पेठेत रद्दीचं दुकान होतं. किलोवर घ्यायचं, किलोवर द्यायचं. पण 'चांदोबा' मासिकाचे आणि 'इंद्रजाल' कॉमिक्सचे अंक आण्णांनी कधी काट्यावर ठेवले नाहीत. पेठेतल्या पोरांना वाचायला म्हणून ते खोक्यात काढून ठेवायचे. २००६ मध्ये दुकान माझ्या हाती आलं तेव्हा अशी चौदा खोकी निघाली. आमचा आजचा व्यवसाय त्या चौदा खोक्यांवर उभा आहे.

जुनी कॉमिक्स, चित्रकथा, व्यंगचित्रांतल्या पात्रांच्या जाहिरातींचे पत्रे, डबे, कॅलेंडरं हे सगळं आम्ही शोधतो, जपतो आणि विकतो. हे काम सोलापुरात जसं होतं तसं दुसरीकडे होणं अवघड. इथे एका वाड्यात मराठी, तेलुगू आणि कन्नड नांदतात. 'चांदमामा' १९४७ च्या जुलैत तेलुगू आणि तमिळमध्ये निघाला, त्याचीच मराठी आवृत्ती 'चांदोबा' १९५२ मध्ये आली. पूर्व भागातल्या विणकर घरांच्या माळ्यावरून तेलुगू अंक मिळतात, अक्कलकोटकडून कन्नड येतात, शहरातून मराठी. खांद्यावर प्रेत घेतलेला, हातात तलवार धरलेला चित्रकार शंकर यांचा राजा विक्रम तिन्हींत तोच, फक्त लिपी बदललेली. एकाच गोष्टीचे तिन्ही भाषांतले अंक जुळवून देणं ही आमची खरी ओळख झाली. कधी कधी एका जुळणीला दोन-दोन वर्षं लागतात, पण ती पूर्ण झाली की त्या दिवशी दुकानात भेळ येते.

सर्वात जास्त विचारणा अर्थात 'इंद्रजाल'ची. मार्च १९६४ मध्ये ते सुरू झालं, १९९० मध्ये थांबलं. पहिले ३२ अंक सगळे वेताळाचे, म्हणजे इंग्रजीतल्या मुखवटाधारी 'फँटम'चे (विक्रमाच्या खांद्यावरचा वेताळ वेगळा), जादूगार मँड्रेक वगैरे मंडळी त्यानंतर आली. आबिद सुरतींचा देशी नायक बहादूर डिसेंबर १९७६ चा. वेताळाच्या मूळ इंग्रजी चित्रपट्टीतला 'बंगाला' देश आपल्याकडे 'डेंकाली' झाला. असे बदल दाखवायला मी गिऱ्हाइकासमोर दोन्ही अंक शेजारी ठेवतो. बी. गोविंद यांची मुखपृष्ठं असलेले अंक तर लोक आतलं पान न उलटता घेतात. मला ते पटत नाही, पण ती चित्रं पाहिली की राग राहत नाही.

आता एक चूक सांगायलाच हवी. सुरुवातीच्या तीन वर्षांत आम्ही मुखपृष्ठं लॅमिनेट करून द्यायचो. चकचकीत दिसायची, लगेच खपायची. आम्हाला वाटायचं, आपण अंक वाचवतोय. पुण्याच्या एका जुन्या संग्राहकांनी अंक परत आणून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "भाऊ, हे आता कधीच निघणार नाही." खरंच होतं ते. प्लास्टिक काढायला जावं तर शाई त्याच्याबरोबर येते. ज्यांचे पत्ते होते त्यांना आम्ही पैसे परत करायची तयारी कळवली. त्या दिवसापासून लॅमिनेशन बंद, चिकटपट्टी बंद. वर्तमानपत्री कागदात लाकडाचा अंश राहतो. ऊन आणि हवा लागली की तो पिवळा पडतो, मग ठिसूळ होतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली ठेवलेला अंक दुमडला की कडेला भुगा होतो. म्हणून आता आम्ही दक्षिणेची भिंत सोडून कपाटं लावली आहेत. प्रत्येक अंक आम्लरहित पुठ्ठ्यावर, पॉलिप्रॉपिलिनच्या पाकिटात. गंजलेल्या पिना हातानं काढतो. पीव्हीसीची पाकिटं स्वस्त पडतात, पण ती चिकटतात, शाई ओढतात.

वाचनालयांचे बांधीव गठ्ठेही येतात. बाइंडरनं कडा छाटलेल्या असतात, मुखपृष्ठं काढून टाकलेली असतात. त्यांची किंमत कमी, आणि आम्ही ती कमीच लावतो. मात्र वाचनालयाचा शिक्का मी कधी पुसत नाही.

कुर्डुवाडीला एका हार्डवेअर दुकानाच्या माळ्यावर गट्टूचा पत्रा मिळाला. आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ मध्ये एशियन पेंट्ससाठी काढलेला तो मुलगा, कपाळावर बट, हातात ब्रश आणि रंगाचा डबा. डाव्या कोपऱ्यात गंज. रंग मारून नवा करून देता का, असं तिघांनी विचारलं. दिला नाही. चौथ्यानं गंजासकट नेला आणि आपल्या बैठकीत लावला.

आज दुकानात मी, माझी बायको आणि दोन मुलं कामाला आहेत. नोंदवहीचं सगळं काम बायको बघते: अंक कुठून आला, कोणतं पान नाही, कुठे पेननं नाव घातलंय, सारं गिऱ्हाइकाला आधी लिहून देतो.

तुमच्या माळ्यावर गठ्ठा असेल तर काट्यावर घालण्याआधी एकदा दाखवा. आणताना सुतळीनं करकचून बांधू नका, कडा कापल्या जातात. खोक्यात आडवे ठेवून आणा, आणि पानं चिकटलेली असतील तर सोडवायला जाऊ नका, ते आम्ही करू.