खाडे

दुधाचा हिशेब बहुतेक घरांत एकाच पद्धतीनं चालतो. स्वयंपाकघराच्या दाराशी कॅलेंडर, त्याला दोऱ्यानं बांधलेलं पेन्सिलीचं बोटभर उरलेलं टोक, आणि ज्या दिवशी दूध घेतलं नाही त्या तारखेवर फुली. आलेल्या दुधाची नोंद कुणी करत नाही. नोंद फक्त खाड्याची. दुपारी आवराआवर झाली की पंख्याच्या वाऱ्यानं ते पान फडफडतं आणि नजर नेमकी फुल्यांवर जाते. या महिन्यात चार.

या फुल्या पाहिल्या की जेसुइट या ख्रिस्ती धर्मसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांची वही आठवते. पवित्रता म्हटलं की आपल्याला मेणबत्त्या दिसतात, वर वळलेले डोळे दिसतात, डोक्यामागचं तेजोवलय दिसतं. या संतानं मात्र पवित्र होऊ पाहणाऱ्याच्या हाती रेघा आखलेला कागद दिला. तरुणपणी ते कास्तिलच्या राजाच्या खजिनदाराच्या घरी वाढले होते. जमाखर्च तिथूनच अंगात भिनला असेल, असा आपला एक अंदाज.

वही अशी. आठवड्याच्या सात दिवसांसाठी रेघांच्या सात जोड्या. वरची रेघ उठल्यापासून दुपारच्या जेवणापर्यंतची, खालची तिथून रात्रीच्या जेवणापर्यंतची. प्रत्येक जोडीआधी 'जी' हे रोमन अक्षर. रविवारचं मोठं, सोमवारचं त्याहून लहान, असं शनिवारपर्यंत आकसत गेलेलं. काही छापील आवृत्त्यांत रेघाही आखूड होत जातात. हा 'जी' इटालियन 'जोर्नो'मधला, म्हणजे दिवसाचा, की 'गुला'मधला, म्हणजे खादाडपणाचा, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. आकसण्यामागचा हेतू मात्र उघड दिसतो. शनिवारी ठिपक्यांना जागा कमीच लागावी.

कारण या रेघांवर ठिपके द्यायचे असतात. सकाळी उठल्याबरोबर फक्त एक दोष मनाशी पक्का करायचा, आज हा टाळायचा. दुपारी जेवण झालं की तासातासानं मागे जायचं, पहिला तास, दुसरा तास, आणि जितक्या वेळा घसरलो तितके ठिपके वरच्या रेघेवर. रात्री जेवणानंतर तेच खालच्या रेघेवर. मग वरची रेघ खालचीशी ताडायची, आजचा दिवस कालच्याशी, हा आठवडा मागच्याशी. शिवाय घसरलो त्या क्षणी छातीवर हात ठेवायचा. आणि इथे इग्नेशियस हळूच जोडतात, की हे चारचौघांत केलं तरी कुणाच्या लक्षात येत नाही.

सगळी मेख 'एक' या शब्दात आहे. ईस्टरआधीचा उपवासकाळ आला, राखेच्या बुधवारी कपाळाला राख लागली, की माणसं उत्साहानं पाच दोष धरतात. राग, आळस, चहाड्या, मोबाईल, गोड खाणं. पहिल्या रविवारपर्यंत पाचही सुटलेले असतात. एकच धरावा, तोही मोजता येईल असा. 'राग' मोजता येत नाही. 'मुलाच्या अभ्यासाला बसल्यावर आवाज चढवणं' मोजता येतं. 'गर्व' मोजता येत नाही. 'दुसऱ्याचं वाक्य तोडून आपलं घुसवणं' दिवसाला वीसदा मोजता येतं. जुने मार्गदर्शक सांगत की ज्या दोषाचा घरातल्यांना आणि शेजाऱ्यांना त्रास होतो, जो बाहेर दिसतो, तो आधी घ्यावा. आतले, आपल्यालाच कळणारे नाजूक दोष नंतर. माणूस नेमकं उलट करतो. ध्यानात मन भटकतं याची खंत त्याला फार, पण मोलकरणीशी कसं बोलतो याचा ठिपका त्याच्या रेघेवर कधी पडत नाही.

वही सुटते ती बहुधा तिसऱ्या दिवशी. कारण ठिपके वाढलेले असतात. सोमवारी तीन, मंगळवारी पाच, बुधवारी नऊ. माणूस घाबरतो, म्हणतो आपण आणखीच बिघडलो. बिघडलेलं काही नसतं, दिसायला लागलेलं असतं. चष्म्याचा नंबर बदलल्यावर घरातली धूळ वाढल्यासारखी वाटते, त्यातला प्रकार. या वेळी दोष बदलायचा नाही. तो बदलणारे पुष्कळ, आणि मग महिनाअखेरीला त्यांच्याकडे चार दोषांचे पहिले-पहिले आठवडे असतात, एकाचाही दुसरा आठवडा नसतो.

ठिपके नुसते मोजून ठेवणं हीदेखील एक चूक. ते पडतात कुठे, हे बघायचं. आवाज चढल्याचे सातपैकी सहा ठिपके संध्याकाळी सहा ते आठमध्ये पडत असतील, तर दोष स्वभावात जेवढा तेवढाच रिकाम्या पोटात आणि लोकलच्या गर्दीत आहे. मग प्रार्थना करावीच, पण घरात शिरल्यावर आधी दोन घास खावेत आणि नंतर गृहपाठाची वही बघावी. इग्नेशियसांनी सैतानाला सेनापतीची उपमा दिली आहे. तो किल्ल्याभोवती फिरून सगळीकडची तटबंदी न्याहाळतो आणि जिथे बुरूज कच्चा तिथेच तोफ लावतो. लिहिणारा १५२१ साली पाम्पलोनाच्या किल्ल्यात तोफगोळ्यानं पाय मोडून घेतलेला शिपाई. आपल्याकडे तर पोरंसोरंही दिवाळीत मातीचे किल्ले करतात. चोरवाट कुठून ठेवायची ते त्यांना पक्कं ठाऊक असतं.

मुलांवरून आठवलं. पहिल्या कुमसाराच्या, म्हणजे पापनिवेदनाच्या, तयारीला बसलेली मुलं. घोर पापं प्रकार आणि संख्या यांसह सांगावीत, असं ट्रेंटच्या धर्मपरिषदेनं १५५१ साली ठरवून दिलं. आठ-नऊ वर्षांच्या मुलाकडे घोर असं काय असणार? पण संख्या सांगायची एवढं त्याच्या कानावर आलेलं असतं, आणि ती सगळ्यालाच लागू होते. खोटं बोललो, सात वेळा. आईचं ऐकलं नाही, दहा वेळा. सात आणि दहाच का? तीन फार कमी वाटतात आणि पन्नास म्हटलं तर फादर रागावतील. बाकावर बसून बोटं मोडत, शेजारच्याचा आकडा विचारून मग आपला ठरवणारी ती मुलं पुढे आयकर भरताना अडणार नाहीत.

फ्रान्समधल्या लिझ्यूच्या संत तेरेझानं उलटा हिशेब मांडला होता. ८ मे १८८४ला तिचा पहिला ख्रिस्तप्रसाद. तिची मोठी बहीण पोलीन तेव्हा जोगिणींच्या मठात होती. तयारीसाठी तिनं अकरा वर्षांच्या तेरेझाला एक छोटी वही करून पाठवली. मनाला मुरड घालून केलेला प्रत्येक त्याग म्हणजे एक फूल, आणि त्याची नोंद. म्हणजे कॅलेंडरवर आलेल्या दुधाच्या फुल्या. पोरीनं ती वही मनापासून भरली. मोजणाऱ्या मुलांत आढळतो तो टापटीपपणा तिच्यात पुरेपूर होता.

चांगलं मोजण्यात जो धोका असतो तो बायबलात लूकच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात येऊन गेला आहे. मंदिरात उभा राहिलेला परूशी, म्हणजे नियम काटेकोर पाळणारा यहुदी, देवाला आपली वहीच वाचून दाखवतो. आठवड्यातून दोनदा उपवास, मिळकतीचा दशांश. आकडे खोटे नाहीत, ही त्यातली गंमत. मागे दूर उभा असलेला जकातदार ऊर बडवतो आणि एकच वाक्य बोलतो. आयुष्यभर हिशेब लिहिण्यात ज्याचा हात मुरला, त्याला देवापुढे एक आकडा आठवत नाही.

वाईट मोजण्यातला धोका मात्र इग्नेशियसांनी स्वतः भोगला. १५२२-२३ साली मान्रेसा गावी ते दहा-अकरा महिने राहिले. त्याआधी मोन्सेरातच्या मठात तीन दिवस बसून आयुष्यभराची पापं कागदावर उतरवून सांगितली होती. तरी मनात सल, काही राहिलं तर नाही ना? पुन्हा सांगायचं, पुन्हा सल. पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूनं सांगितलं, अगदी स्पष्ट आठवेल तेवढंच सांग. यांना सगळंच स्पष्ट आठवत होतं. खोलीतल्या भगदाडात उडी टाकावी इथवर पाळी आली. आठवडाभर अन्न सोडलं, तेव्हा धर्मगुरूनं हुकूम करून जेवायला लावलं. शेवटी त्यांनी ठरवलं की मागचं आता सांगायचं नाही, आणि त्यातून सुटले.

म्हणून त्यांच्या 'आध्यात्मिक साधना' या पुस्तकात या सलांवर वेगळे नियम आहेत. वाटेत दोन काड्यांचा क्रूस पडला होता, चुकून त्यावर पाय पडला, आणि माणूस म्हणाला, मी पाप केलं. हा नुसता चुकीचा समज. पण पाप झालं नाही असंही वाटतं आणि झालं असंही वाटत राहतं, तो खरा सल. त्यावर उपायही दिला आहे. ज्याचं मन जाड, त्याला सैतान आणखी जाड करतो. ज्याचं हळवं, त्याला आणखी हळवं करतो. आपण उलट दिशेनं जायचं. तेव्हा वही सगळ्यांसाठी सारखी नाही. ज्याला गॅस बंद केला का हे तीनदा उठून बघावं लागतं, त्यानं ठिपक्यांच्या वाटेला जाऊ नये. ज्याला आपलं काही चुकतंय असं गेल्या दहा वर्षांत वाटलेलं नाही, त्यानं उद्याच रेघा आखाव्यात.

अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये धर्मोपदेशक जॉन वेस्लींनी वहीच्या जागी माणसं बसवली. १७३८च्या नाताळच्या दिवशी त्यांनी छोट्या गटांचे नियम लिहिले. आठवड्यातून एकदा जमायचं आणि प्रत्येकाला विचारायचं, मागच्या भेटीनंतर जाणूनबुजून कोणती पापं केलीस? कोणते मोह आले, त्यांतून सुटलास कसा? पवित्रीकरण हा शब्द प्रॉटेस्टंट मंडळ्यांत उठताबसता ऐकू येतो, पण हा प्रश्न तोंडावर विचारणारा गट चालवणं महाकठीण. दोनदा खरी उत्तरं मिळतात, तिसऱ्यांदा सगळे 'प्रार्थनेत कमी पडलो' म्हणतात. वही निदान लाजत नाही.

इग्नेशियसांच्या नियमांतला खाण्याबाबतचा एक मला सगळ्यांत आवडतो. पुढच्या जेवणात किती खायचं हे आधीचं जेवण झाल्यावर ठरवायचं, भूक नसताना, आणि मग भूक लागल्यावर तो आकडा बदलायचा नाही. एकादशी अन् दुप्पट खाशी म्हणणाऱ्या आपल्या लोकांना हे कुणीतरी आधीच सांगायला हवं होतं. भाकरीवर फार बंधन नको, असंही त्यांत आहे; आवरायचं ते चमचमीत पदार्थांवर. प्रार्थना कोरडी वाटू लागली तर असाच एक व्यवहारी तोडगा आहे. तासभर बसायचं ठरलं असेल तर तास पुरा करून वर थोडं आणखी बसायचं, आणि मन कोरडं असेपर्यंत आधीचा कोणताही निश्चय बदलायचा नाही.

इग्नेशियसांच्या पुस्तकातली ही साधना पुरी करायला सुमारे तीस दिवस लागतात आणि जेसुइट होणाऱ्याला ती करावीच लागते. १५७९ साली गोव्यात उतरलेले थॉमस स्टीफन्सही जेसुइटच, तेव्हा रेघांच्या जोड्या त्यांच्याही हाताखालून गेल्या असणार. पुढे सासष्टीत राहून त्यांनी मराठीत सुमारे अकरा हजार ओव्यांचं ख्रिस्तपुराण रचलं, ते १६१६ साली रायतूरला छापलं. एवढ्या ओव्या मोजून लिहिणाऱ्यानं दुपारचे ठिपके केव्हा दिले असतील, कोण जाणे.

आणखी एक. एका दोषाच्या या वहीशिवाय इग्नेशियसांनी रोजची सर्वसाधारण तपासणीही सांगितली आहे. तिच्या पाच पायऱ्या. पाप शोधणं तिसऱ्या पायरीवर येतं, त्याआधी ते दिसावं म्हणून कृपा मागायची, नंतर क्षमा आणि सुधारण्याचा निश्चय. पहिली पायरी मिळालेल्या देणग्यांबद्दल आभार मानण्याची. घाईत लोक हीच गाळतात. चौदा दिवस दूध आलं, ते कॅलेंडरवर कुठेच नसतं.

तेरेझानं ९ जून १८९५ला, बाविसाव्या वर्षी, देवाला केलेलं आत्मार्पण लिहून काढलं. त्यात ती म्हणते की आयुष्याच्या संध्याकाळी मी रिकाम्या हातांनी तुझ्यापुढे येईन, कारण माझी कृत्यं मोज असं मी तुला सांगत नाही. फुलं मोजणारी हीच मुलगी. मध्ये अकरा वर्षं गेली होती, आणि पुढे दोनच उरली होती.

दुपारच्या तपासणीचं म्हणाल तर ती कुणाचीच टिकत नाही. नियम जेवणानंतरचा आहे. वरणभात, वर ताक, आणि मग तासातासानं मागे जायचं म्हणे. दुसऱ्या तासाशी पोचेपर्यंत डोळा लागतो. आज एकोणीस तारीख. सकाळी दूध घेतलं होतं की नाही, ते काही केल्या आठवत नाही.