स्कंक, बंड्या आणि टोमॅटोचा रस

न्यू जर्सीतल्या कुत्रेवाल्या मंडळींनो, काल रात्री आमच्या बंड्याने अंगणात स्कंकशी, म्हणजे घाणेरड्या वासाचा फवारा मारणाऱ्या काळ्या-पांढऱ्या प्राण्याशी, पंगा घेतला. त्या प्राण्याने आधी पाय आपटले, शेपूट उभारली, म्हणजे रीतसर नोटीस दिली. पण ऐकेल तो बंड्या कसला! फवारा थेट तोंडावर. डोळे लाल, तोंडाला फेस, आणि वास असा की जळलेल्या रबरावर सडका लसूण.

शेजारच्या काकू म्हणाल्या, टोमॅटोचा रस चोळ. त्याने फक्त कुत्रा लाल होतो. हा वास थायॉल नावाच्या गंधकयुक्त रसायनांचा, त्यांचं ऑक्सिडीकरणच करावं लागतं, म्हणजे ऑक्सिजनने त्यांना बिनवासाचं करावं लागतं. पॉल क्रेबॉम या रसायनतज्ज्ञाचा उतारा : लिटरभर ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, पाव कप बेकिंग सोडा, चमचाभर भांड्यांचा लिक्विड साबण. ताजं कालवा, चोळा, पाचेक मिनिटांनी धुवा. डोळ्यांना मात्र नुसतं पाणी. उरलेलं बाटलीत बंद केलंत तर बाटली फुटेल!

खरी धास्ती वेगळीच. अमेरिकेत रेबीज पसरवणाऱ्या प्राण्यांत स्कंक आहे. चावा, ओरखडा काही सापडला नाही, तरी व्हेटला, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरला, फोन केलाच. चावा असेल तर लस झालेली असली तरी बूस्टर देतात. शिवाय क्वचित या फवाऱ्याने तांबड्या पेशी फुटतात. म्हणून काही दिवस हिरड्या फिक्या पडतात का, लघवी गडद होते का, यावर लक्ष.

अहोंनी घरभर उदबत्त्या लावल्यात. आता चंदनी स्कंकचा वास येतोय.